विष बाटलीतलं की भूछत्रातलं?

डोरोथी सेयर्स यांची ‘द डॉक्युमेंट्स इन द केस’ ही १९३० सालची कादंबरी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावी. सहलेखक रॉबर्ट यूस्टेस हे पेशाने डॉक्टर होते. रहस्य फोडल्याशिवाय तिच्यातल्या विज्ञानाबद्दल बोलता येत नाही, तेव्हा ज्यांना ती कोरी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं.

डेव्हनमधल्या एकाकी झोपडीत हॅरिसन मरून पडलेला सापडतो. रानातली भूछत्रं गोळा करून रांधायचा त्याला नाद. चुकून ‘फ्लाय ॲगॅरिक’ खाल्लं, असं ठरतं; मस्करीन हे विषही सापडतं. त्याच्या मुलाला मात्र हे पटत नाही. इतका जाणकार माणूस भूछत्र ओळखायला चुकेल कसा?

उत्तर प्रकाशात दडलेलं आहे. काही रेणूंची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या पायातल्या चपलांसारखी. सजीव पेशी बहुधा त्यांतलं एकच घडवते. प्रयोगशाळेच्या साध्या पद्धतीत दोन्ही सारख्या प्रमाणात तयार होतात. पाश्चरने १८४८ मध्ये असे स्फटिक चिमट्याने निवडून वेगळे केले होते. एकाच रूपाचं द्रावण ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवतं, मिश्रणात मात्र परिणाम फिटतो. पोलारीमीटरमध्ये सोडियमचा पिवळा दिवा लावून दोन प्रिझम काटकोनात ठेवले की समोर काळोख होतो. मधल्या नळीत भूछत्रातलं मस्करीन असेल तर उजेड दिसायला हवा. कादंबरीत काळोख हटत नाही, म्हणजे विष बाटलीतलं! आपल्या साखर कारखान्यांत रसाचा ‘पोल’ याच तत्त्वावर मोजतात.

प्रसंग अप्रतिम आहे, पण खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. फ्लाय ॲगॅरिकमध्ये मस्करीन नाममात्र असतं. या भूछत्राची बाधा होते ती मुख्यतः आयबोटेनिक आम्ल आणि मस्किमोलमुळे, आणि माणूस दगावणं विरळाच. मस्करीनचा खरा साठा इनोसायबी, क्लिटोसायबी या भूछत्रांत. शिवाय अन्नातल्या साखरा आणि अमिनो आम्लंही प्रकाश फिरवतात, त्यामुळे विष अगदी शुद्ध स्वरूपात वेगळं केल्याशिवाय ही चाचणी काहीच सांगणार नाही.

सर्वांत मोठी अडचण त्या बाटलीची. कोलीनवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून जे ‘कृत्रिम मस्करीन’ तेव्हा बनवत, ते मस्करीन नव्हतंच; तो निराळाच पदार्थ होता. आणि जिथे कादंबरी कोसळायला हवी होती तिथे ती तरली, याचं मला फार अप्रूप वाटतं. मस्करीनच्या त्या काळी रूढ असलेल्या सूत्रात डावं-उजवं रूप देणारा असममित कार्बन नव्हता, म्हणजे भूछत्रातल्या विषानेही प्रकाश फिरवायला नको होता. १९५७ मध्ये क्ष-किरणांनी खरी रचना उलगडली, तेव्हा तीन असममित कार्बन निघाले. शक्य असलेल्या आठ रूपांपैकी निसर्गातलं मस्करीन एकच, आणि ते प्रकाश फिरवतं.

नैसर्गिक की कृत्रिम, हा प्रश्न आज निकोटीनच्या बाबतीत खराखुरा उभा आहे. तंबाखूतलं निकोटीन जवळजवळ सगळं डाव्या रूपाचं. साध्या पद्धतीने बनवलेलं कृत्रिम निकोटीन निम्मं-निम्मं. ई-सिगारेटमधलं निकोटीन कुठून आलं हे त्यावरून ओळखता येतं. मात्र आता कारखान्यात निव्वळ डावं निकोटीनही बनवता येतं, आणि अशा नमुन्यापुढे हॅरिसनच्या खटल्यातला पोलारीमीटर निरुपयोगी ठरेल.