हिवाळ्याची पाहुणी : व्हर्बिना

वसईची फुलं म्हटलं की सोनचाफा नि मोगरा आठवतो. पण आता आपल्यापैकी कितीतरी जणी वाडी सोडून इमारतीत राहतो. हातभर रुंद गॅलरीत चाफा कुठं लावणार? अशा घरासाठी व्हर्बिना चांगली. ही घाणेरीच्याच कुळातली, तसेच गोल गुच्छ; रंग मात्र जांभळा, गुलाबी, लाल, पांढरा. गजऱ्याला उपयोग नाही, पण बघणाऱ्याचे डोळे निवतात!

मुळाशी साचलेलं पाणी आणि सावली तिला सोसत नाही. म्हणून पाऊस ओसरला की नवरात्राच्या सुमारास बी पेरावं. वर पाव इंच माती पसरून ओल राखा. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात आणि सगळं बी उगवतही नाही, तेव्हा थोडं जास्तच पेरा. रोपं तीन-चार इंचांची झाली की हलवा. आठ-दहा इंची कुंडीत एकच रोप पुरे. वाफा असेल तर तो वीतभर उंच करून फूटभर अंतरावर लावा.

दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग नदीची वाळू घ्या. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची वाळू नको हं, तिच्यात मीठ असतं. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा.

आपल्याकडं खरी अडचण पाण्याची. बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी खारट असलं तर पानांच्या कडा करपतात. अशा वेळी तांदूळ-भाजी धुतलेलं गोडं पाणी बादलीत साठवून घाला. मीठ घातलेलं मात्र नको. पंधरवड्यातून एकदा खालून निथळेपर्यंत गोडं पाणी द्या, म्हणजे साठलेला खार निघून जातो.

थंडीत ऊन दक्षिणेकडून येतं, तेव्हा दक्षिणेची गॅलरी उत्तम. पाच-सहा तास ऊन हवंच. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतील. पाणी सकाळी मुळाशी घाला. दाटी झाली की भुरी धरते. सुकलेले गुच्छ कापत राहा, म्हणजे नाताळच्या सुमारास आलेला बहर मार्चपर्यंत टिकतो.

पुढं उन्हाळ्यात झाड दमतं. त्याला पावसात जगवायचा हट्ट नको. कुंडीत नवं खत मिसळून जूनमध्ये तेरडा पेरा. कुंडीही रिकामी राहणार नाही नि गॅलरीही!