‘करंट’ कुठे खर्च होतो? : विज्ञानाचा तास आणि पडदा

नववीच्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा. दोन सेलना दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडले, तर कोणता जास्त उजळेल? आमच्या वरणगाव परिसरातल्या एका शाळेत मी हा प्रश्न विचारला, तेव्हा निम्म्याहून अधिक हात एकाच उत्तरासाठी वर आले. “पयला, सर. करंट आधी त्याच्याकडे जातो. तो खातो थोडा, उरलेला दुसऱ्याला.”

उत्तर चूक आहे, पण अडाणी नाही. केळीच्या बागेत पाटाचे पाणी पहिल्या सरीला भरपूर मिळते आणि टोकाला पोहोचेपर्यंत आटते, हे या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. हीच समजूत निरनिराळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांत आढळल्याची नोंद भौतिकशास्त्राच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी केली आहे. गंमत एवढीच, की आमच्याकडची मुले हे उत्तर दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या शेजारी राहून देतात. ‘धाराविद्युत’ हा धडा झाल्यावरही पुष्कळांची समजूत तशीच राहते. परीक्षेत सूत्र बरोबर येते आणि डोक्यात पाट वाहत राहतो.

विज्ञानाच्या वर्गात आलेल्या ऑनलाइन साधनांची परीक्षा मला अशाच प्रश्नावर घ्यावीशी वाटते. मी व्यवसायाने शिक्षक नाही. माझ्या शाळेतले प्रयोगाचे कपाट काचेचे होते आणि त्याला कुलूप होते. जे काही शिकलो ते पुढे स्वतःच धडपडून. त्यामुळे नवे साधन दिसले की पहिली शंका येते ती ही, की हे कपाट उघडले आहे की नुसती काच बदलली आहे?

साधनांची वानवा आता नाही. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ 2017 मध्ये सुरू झाले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले आणि मोबाइल धरला की त्या पाठाची दृकश्राव्य सामग्री समोर येऊ लागली. 2020 मध्ये करोनाने शाळा बंद केल्या तेव्हा अभ्यासाचे दुवे व्हॉट्सॲपवरून घरोघर गेले. ज्या घरात एकच फोन होता आणि तो बापाबरोबर कामावर जात होता, तिथे ते पोहोचले नाहीत, हेही आपण पाहिले.

पण चित्रफीत आणि प्रतिकृती यांत फरक आहे. चित्रफितीत प्रयोग दुसरा कुणीतरी करतो आणि प्रश्न पडण्याआधीच उत्तर दिसते. मूल ते वहीत ‘निरीक्षण’ म्हणून उतरवते. निरीक्षण मात्र घडलेलेच नसते. प्रतिकृतीत तारा मुलालाच जोडाव्या लागतात. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ हा अशा प्रतिकृतींचा प्रकल्प आहे. तो विनामूल्य आहे, त्यातल्या अनेक प्रतिकृती मराठीत आहेत आणि आधी उतरवून ठेवल्या तर इंटरनेट नसतानाही चालतात. रेंज जाते-येते अशा गावात ही शेवटची सोय मोलाची ठरते.

याच विद्यापीठात झालेला आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास विचार करायला लावतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने खऱ्या बल्ब-तारांवर काम केले, दुसऱ्याने केवळ संगणकावर. नंतर दोघांनाही खरा परिपथ जोडून त्याचे स्पष्टीकरण द्यायला सांगितले, तेव्हा संगणकवाला गट सरस ठरला. कारण समजण्यासारखे आहे. तारेतले इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत. पडद्यावर ते दोन्ही बल्बांतून एकाच वेगाने सरकताना दिसतात. बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे ॲमीटर लावला तर आकडा तोच येतो. खर्च होते ती ऊर्जा, धारा नव्हे, ही गोष्ट तिथे पाहता येते.

म्हणून खरे बल्ब अडगळीत टाकायचे का? तसे नाही. पडद्यावरचे जग फार स्वच्छ असते. तिथे तार सैल होत नाही, सेल सहसा उतरत नाही. शिवाय पडद्यावरचे इलेक्ट्रॉन हे चित्र आहे; खऱ्या तारेत त्यांची पुढे सरकण्याची गती सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते. हे शिक्षकाने सांगितले नाही, तर एक गैरसमज जाऊन दुसरा येतो.

इथे आपल्याच जिल्ह्यातला एक जुना प्रयोग आठवतो. 1974 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक काम तापीपलीकडे, रावेर तालुक्यातल्या खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत केले. ज्यांच्या नेतृत्वाखाली हे केंद्र उभे राहिले त्या वि. गो. कुलकर्णी यांनी पुढे भाषेच्या प्रश्नावर मोठा भर दिला. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हाच विज्ञानाच्या वाटेतला मोठा अडसर आहे, हे त्यांच्या संशोधनाचे सार. ते पडद्यालाही लागू पडते. घरी लेवा गणबोली बोलणारे मूल ‘करंट’ म्हणते. पडदा ‘विद्युतधारा’ आणि ‘विभवांतर’ म्हणतो. या दोन शब्दांमधला पूल कोणतेही ॲप बांधत नाही, तो शिक्षकालाच बांधावा लागतो.

त्यामुळे मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी प्रश्न, आणि प्रत्येकाचे उत्तर वहीत, खोडण्याची मुभा न देता. मग पडदा, वर्गात एकच संगणक असला तरी पुरतो, फक्त तारा मुलांनी जोडाव्यात. शेवटी हातात खरे सेल आणि टॉर्चचे बल्ब. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर चाळीस-चाळीस गुणांचे आणि प्रात्यक्षिकाचे वीस गुण असतात. ते वीस गुण दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवून मिळत असतील, तर पडदा आला काय नि न आला काय, मुलाच्या डोक्यातला पाट तसाच वाहणार.

सुरुवातीला सांगितलेल्या वर्गात आम्ही हाच क्रम ठेवला. पडद्यावर दोन्ही बल्ब सारखे उजळले आणि ‘पयला’वाले गप्प झाले. मग खरे बल्ब जोडले, तर त्यातला पहिला खरोखरच जरा जास्त उजळला! वर्गात एकच गलका झाला. आता पडदा खरा की बल्ब? मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने दोन्ही बल्ब काढले आणि त्यांच्या जागा बदलून पुन्हा बसवले. आता दुसरा जास्त उजळला. “जागेचं नाही सर, बल्बातच फरक आहे,” ती म्हणाली.

बल्बांची अशी अदलाबदल करायला तिला कुणी सांगितले नव्हते.