कान बरा, पोट नाराज

घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकची पावडर येते, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं जातं, कान दुखायचा थांबतो आणि दोन दिवसांनी पोराला पातळ शी सुरू होते. औषधाला शत्रू-मित्र कळत नाहीत. आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात. अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असेल तर त्रास जास्त. ते जेवणाच्या सुरुवातीला दिलेलं बरं.

यावर डॉक्टर कधी कधी प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी सूक्ष्मजीव म्हणून यीस्टची पुडी देतात, तिची गोष्ट मजेशीर आहे. १९२०च्या दशकात आंरी बुलार हे फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात होते. कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत. त्या फळांवरूनच बुलार यांनी हे यीस्ट वेगळं केलं. यीस्ट म्हणजे बुरशी, त्यामुळे अँटिबायोटिक तिला मारत नाही. २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात प्रोबायोटिक घेणाऱ्या मुलांत जुलाबाचं प्रमाण ८ टक्के, न घेणाऱ्यांत १९ टक्के दिसलं. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या मुलांना मात्र ते परस्पर देऊ नये. आजीचा दहीभात? खुशाल द्या.

सौम्य जुलाबांना ओआरएस (एक लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच, पेल्यात चिमूटभर नव्हे) आणि नेहमीचं जेवण पुरतं. जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी नको. शीमध्ये रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल मलूल पडलं, तर लगेच दवाखाना. बाटली अर्ध्यावर सोडायची की औषध बदलायचं, हे डॉक्टरांना फोन करूनच ठरवा.