खोगिराखालचं दुखणं आणि कानातले गोचीड

माथेरानचा दस्तुरी नाका असो, महाबळेश्वरचा वेण्णा तलाव असो की पाचगणीचं टेबललँड, घोडा जिथे जिथे पोटासाठी राबतो तिथे दोन दुखणी हमखास दिसतात: खोगिरानं सोलवटलेली पाठ आणि कातडीला चिकटलेले गोचीड. दोन्ही टाळता येतात. बहुतेक घोडेवाले जनावरावर जीव लावतात, त्याच्या आधी स्वतः जेवत नाहीत. तरीही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काही समज घोड्याच्याच मुळावर येतात, आणि म्हणून त्यांच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

‘खोगीर लागतंय, तर खाली आणखी एक घोंगडी घाला,’ हा त्यातला सर्वांत पक्का समज. मुळात घट्ट असलेल्या बुटात जाड मोजा घातला की पाय आणखी आवळतो, तसंच इथे होतं. खोगिराचा सांगाडा अरुंद असेल, तर प्रत्येक जादा घडी आयाळ संपते तिथल्या हाडाच्या उंचवट्यावरचा दाब वाढवते. दाबाखाली रक्तपुरवठा तुटतो आणि इजा बऱ्याचदा आतून सुरू होते. म्हणून खोगीर उतरवताना पाठ चांगली दिसते आणि काही तासांनी तिथे गरम सूज येते. पाठीवरून हात एकदा काम संपल्यावर फिरवावा आणि पुन्हा संध्याकाळी.

खोगीर नीट बसलं आहे का, हे पाहणं सोपं आहे. माणूस वर बसल्यावर समोरून पाहिलं, तर कण्यावरच्या पोकळीतून उजेड दिसला पाहिजे. घोंगडी आधी थोडी पुढे टाकून केसांच्या दिशेनं मागे सरकवावी आणि पुढून कमानीत वर ओढून घ्यावी, म्हणजे ती उंचवट्यावर ताणली जात नाही. काम संपल्यावर घामही वाचावा. सगळीकडे सारखा ओलावा असेल तर ठीक. घामाच्या मधोमध कोरडा चट्टा असेल तर तिथे दाब फार पडतो आहे किंवा खोगीर टेकतच नाही. पाठीवरचे पांढरे ठिपके काही जण शुभलक्षण मानतात. जन्मखुणा सोडल्या, तर खोगिराच्या जागी मागाहून उगवलेले पांढरे केस म्हणजे रंग देणाऱ्या पेशी मेल्याचा पुरावा असतो.

खोगीर आवळायच्या पट्ट्याचं, म्हणजे तंगाचंही तेच. जितका आवळू तितकं खोगीर पक्कं, असं नाही. तंगाखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. तो एका दमात न ओढता टप्प्याटप्प्यानं कसावा, घोडा चार पावलं चालवून पुन्हा पाहावा आणि पुढचा पाय उचलून पुढे ताणावा, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी मोकळी होते. सैल तंगही वाईटच, कारण खोगीर सरकतं आणि घासतं. माथेरानची लाल माती घामात मिसळून सुकली की कातडी खरवडत राहते, म्हणून खोगीर चढवण्याआधी खरारा झालाच पाहिजे. घोंगडी धुऊन उन्हात वाळवावी आणि ज्याची त्यालाच वापरावी.

‘एकदा कातडी राठ झाली की लागणार नाही,’ असं म्हणून जखमेवरच खोगीर चढवणं मला सर्वांत जास्त खुपतं. उघडी जखम अशी राठ होत नाही, ती खोल जाते. जखमेमुळे कामाला नालायक झालेलं जनावर राबवणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. जळकं ऑइल, राख, चुना यांनी जखम आणखी भाजते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून त्यानं ती धुवावी, माश्या बसू देऊ नयेत आणि नवी कातडी धरून केस येईपर्यंत पाठ मोकळी ठेवावी. गादीला भोक पाडून काम चालवलं, तर भोकाच्या कडा नवा घाव करतात.

वजनाकडेही पाहायला हवं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घोड्याच्या वजनाच्या 25 ते 30 टक्के भार दिल्यावर त्याचे स्नायू दुखावल्याचं दिसलं. 20 टक्क्यांपर्यंत तसा त्रास नव्हता. छातीचा घेर 145 सेंटिमीटर आणि अंगाची लांबी 140 असेल, तर घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11,880 या सूत्रानं तट्टू सुमारे 248 किलोचं भरतं. म्हणजे खोगिरासकट 50 किलो. पर्यटकांनीही हा हिशेब करावा.

आता गोचीड. इथला एक गैरसमज थेट जिवावर बेततो: गाईचं औषध घोड्यालाही चालतं. गाई-म्हशींच्या गोचिडांवर सर्रास मिळणारं अमित्राझ घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंद करतं. लीद अडकून पोटशूळ उठतो आणि घोडा दगावू शकतो. बाटलीवरचं नाव वाचून घ्या. घोड्यासाठी पायरेथ्रॉइड गटातली औषधं वापरतात, पण कोणतं आणि किती, हे पशुवैद्यालाच विचारावं.

काडीनं चटका देणं, रॉकेल ओतणं हेही नको. त्यानं घोड्याला भाजतं, आणि डिवचलेल्या गोचिडाची लाळ जखमेत उतरण्याचा धोका वाढतो. बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून न पिळता सरळ ओढावा. नखानं चिरडू नये. 2011 मध्ये गुजरातेत निश्चित निदान झालेला क्रायमियन-काँगो ताप माणसाला गोचिडाच्या चाव्यातून आणि चिरडण्यातूनही होतो. हातमोजे घाला. शोधायचं कानात, आयाळीच्या मुळाशी, शेपटीखाली, जांघेत आणि जबड्याखाली.

काढले की संपलं, असंही नाही. गोचिडाचं बरंचसं आयुष्य घोड्याच्या अंगाबाहेर जातं. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भेगांत हजारो अंडी घालते. पागेच्या भिंतींच्या फटी बुजवल्या नाहीत, आजूबाजूचं गवत कापलं नाही, तर अंगावरचे कितीही वेचा, नवे येतच राहतात.

गोचिडांमधून पसरणाऱ्या पायरोप्लाझ्मोसिसमध्ये घोड्याला ताप येतो, हिरड्या फिक्या किंवा पिवळ्या पडतात, लघवी गडद होते. वरवर बरा झालेला घोडाही हे जंतू रक्तात वर्षानुवर्षं वागवू शकतो. म्हणून सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणला की तो काही दिवस वेगळा बांधावा, त्याचे कान तपासावेत आणि पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावं; हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही चाचणी होते. आणि पागेतल्या सगळ्या घोड्यांना एकाच सुईनं इंजेक्शन देऊ नये, कारण गोचीड नसतानाही हा रोग सुईवाटे एकाकडून दुसऱ्याकडे जातो.