वेझेरच्या खोऱ्यातील चित्रगुहा

फ्रान्सच्या नैऋत्य भागात पेरिगोर नावाचा एक जुना प्रांत आहे. आजच्या शासकीय नकाशात त्याची ओळख दोर्दोन्य जिल्हा अशी आहे. मध्य फ्रान्सच्या पठारावर उगम पावणारी वेझेर नदी या प्रांतातून नागमोडी वळणे घेत वाहते आणि लिमय या लहानशा गावापाशी दोर्दोन्य नदीला मिळते. तिच्या काठाने पिवळसर करड्या चुनखडीचे उंच कडे उभे आहेत. कड्यांच्या माथ्यावर ओकची राने, तर पायथ्याशी अक्रोडाच्या बागा, मक्याची शेते आणि बदकांचे कळप दिसतात. वरवर पाहता हा एक सुस्त, सुखवस्तू शेतकऱ्यांचा मुलूख वाटतो. परंतु याच खोऱ्यात पुराश्मयुगीन मानवाच्या वस्तीची जवळजवळ दीडशे स्थळे आणि पंचवीस चित्रगुहा सापडल्या आहेत. त्यांतील प्रमुख स्थळांचा समावेश युनेस्कोने १९७९ साली जागतिक वारशाच्या यादीत केला.

एवढ्या लहान टापूत मानवाने इतकी दाट वस्ती का केली असावी, याचे उत्तर बव्हंशी या कड्यांमध्येच आहे. चुनखडीचे काही थर कठीण, तर काही ठिसूळ असतात. मऊ थर दहिवराने आणि पाण्याने झिजून आत सरकले व त्यांच्यावर कठीण थराचे छत राहिले. हिमयुगातील कडाक्याच्या थंडीत अशा आडोशाखाली वारा लागत नसे आणि सूर्याकडे तोंड असलेल्या कड्यांना दिवसभर ऊब मिळे. हत्यारांसाठी गारगोटी हाताशी होती, पाणी समोर होते आणि रेनडिअरचे कळप याच वाटांनी जात. १८६८ साली लेझेझी गावाजवळ लोहमार्गाचे काम चालू असताना मजुरांना अशाच एका आडोशात मानवी सांगाडे सापडले. त्या जागेच्या नावावरून या मानवास क्रो-मान्यों मानव हे नाव पडले. शरीराच्या ठेवणीने तो आपल्यासारखाच होता. लेझेझीत आजही काही घरांची मागची भिंत म्हणजे साक्षात कडाच आहे, तर ला रोक सें-क्रिस्तोफ येथील सुमारे एक किलोमीटर लांबीच्या कपारीत मध्ययुगातही माणसे राहत होती. येथील राष्ट्रीय प्रागैतिहासिक संग्रहालयात या खोऱ्याची सारी कहाणी क्रमवार मांडलेली आहे. गुहा पाहण्याआधी तेथे अर्धा दिवस घालवणे श्रेयस्कर होय.

या खोऱ्याचे नाव जगभर झाले ते लास्कोमुळे. १९४० सालच्या जून महिन्यात फ्रान्सचा पाडाव झाला होता. त्यानंतर तीन महिन्यांनी, १२ सप्टेंबर रोजी, मोंतिन्याक गावाबाहेरच्या टेकडीवर चार मुले एका विवराचे तोंड रुंद करून आत उतरली. मार्सेल राविदा, झाक मार्साल, झोर्झ आन्येल आणि सिमों कोएन्कास अशी त्यांची नावे. तेलाच्या मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात त्यांना भिंतीवर प्राणी दिसू लागले. आठवडा दीड आठवड्यातच प्रागैतिहासिक कलेचे ज्येष्ठ अभ्यासक आबे आंरी ब्रय तेथे येऊन पोहोचले आणि चित्रे अस्सल असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. राविदाच्या कुत्र्याने ही गुहा शोधली, अशी गोष्ट आजही सांगितली जाते. ती ऐकायला गोड असली तरी तिच्यावर फारसे विसंबू नये.

या गुहेत रंगवलेल्या व कोरलेल्या मिळून सुमारे दोन हजार आकृती आहेत. त्यांचे वय सतरा ते एकवीस हजार वर्षांच्या दरम्यान मानले जाते. आतील पहिल्याच दालनात प्रचंड रानबैल चालले आहेत. त्यांपैकी एकाची लांबी पाच मीटरहून अधिक भरते. लाल आणि पिवळा रंग गेरू व पिवडीसारख्या लोहयुक्त मातीचा आहे, तर काळा मुख्यत्वे मँगनीजच्या खनिजाचा आहे. संख्येने घोडे सर्वांत जास्त आहेत. गंमत अशी की, ज्या रेनडिअरच्या मांसावर हे लोक मुख्यतः जगत होते, त्याची आकृती या साऱ्या समूहात केवळ एकच ओळखता आली आहे. याचा अर्थ, ही चित्रे म्हणजे भोजनाची यादी नव्हे. त्यांचा हेतू काय होता याविषयी शंभर वर्षे वाद चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत.

ही चित्रे इतका प्रदीर्घ काळ टवटवीत राहिली ती दोन कारणांनी. गुहेच्या वर मार्ल नावाच्या चिकणमातीमिश्रित खडकाचा थर आहे. त्यातून पाणी सहसा झिरपत नाही. शिवाय दरड कोसळून गुहेचे तोंड बुजून गेले होते. त्यामुळे आतील उष्णता, ओलावा आणि काळोख हजारो वर्षे जवळजवळ एकसारखे राहिले. मध्य प्रदेशातील भीमबेटकाची चित्रे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली उजेडात आणली, ती उघड्या शैलाश्रयांत आहेत. वारा आणि दिवसाचा उजेड यांची त्यांना पूर्वीपासून सवय आहे. लास्कोची गुहा मात्र झाकण लावलेल्या बरणीसारखी होती. युद्ध संपल्यावर हे झाकण उघडले गेले. प्रवेशद्वार रुंद झाले, पायऱ्या बांधल्या गेल्या, विजेचे दिवे आले आणि १९४८ साली गुहा सर्वांसाठी खुली झाली. १९५५ च्या सुमारास दिवसाला बाराशे माणसे तिच्यात जाऊन येत होती.

माणूस नुसता उभा राहिला तरी शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो आणि त्याच्या उच्छ्वासातून वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो. ती वाफ गुहेच्या थंड भिंतीवर दवासारखी जमते. वायू त्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होते आणि ते चुनखडी खाऊ लागते. पुढे पाणी सुकले की विरघळलेला चुना पांढऱ्या स्फटिकांच्या रूपाने चित्रांवर बसतो. ही झाली पांढरी व्याधी. १९६० च्या सुमारास दुसरी, हिरवी व्याधी दिसू लागली. ती म्हणजे दिव्यांच्या उजेडावर आणि पाहुण्यांच्या पायांबरोबर आलेल्या बीजांवर पोसलेले शेवाळ. शोध लावणाऱ्या मुलांपैकी मार्साल आणि राविदा या गुहेचेच वाटाडे झाले होते. गुहेची प्रकृती बिघडत आहे हे रोज आत जाणाऱ्या या माणसांना दिसत होते. अखेर एप्रिल १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा लोकांसाठी बंद केली. ज्या गावाचा उदरनिर्वाह आता पाहुण्यांवर चालत होता, त्या गावाला हा निर्णय जड गेला असल्यास नवल नाही. तरीही त्याहून शहाणपणाचा दुसरा मार्ग नव्हता. तो दहा वर्षे आधी घेतला गेला असता तर अधिक बरे झाले असते. कारण दार लावल्यानेही दुखणे पुरते गेले नाही. २००१ साली गुहेत पांढऱ्या बुरशीने थैमान घातले आणि पुढे काळे डागही उमटले.

मग लोकांना दाखवायचे काय? मूळ गुहेपासून दोनशे मीटरवर सिमेंट काँक्रीटचे कवच उभारून त्यात दोन प्रमुख दालनांची हुबेहूब प्रतिकृती तयार करण्यात आली. भिंतीचा प्रत्येक उंचसखल भाग मोजून घडवला गेला. मोनिक पेत्राल या चित्रकर्तीने मूळच्याच जातीचे मातीचे रंग वापरून कित्येक वर्षे हे काम केले. ही प्रतिकृती १९८३ साली खुली झाली. पुढे टेकडीवरील गर्दी हीच मूळ गुहेला बाधक ठरू लागली, तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी आणखी विस्तृत प्रतिकृती उभारून २०१६ च्या डिसेंबरात तिचे उद्घाटन झाले. नक्कल पाहण्यासाठी इतका दूरचा प्रवास कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु भिंतीच्या फुगवट्याचा चित्रकाराने बैलाच्या खांद्यासाठी कसा उपयोग करून घेतला, हे छायाचित्रात कधीच कळत नाही. ते या प्रतिकृतीत कळते.

तरीही ज्याला मूळ रेषाच पाहायची आहे त्याने निराश होण्याचे कारण नाही. लेझेझीजवळच्या फाँ-द-गोम गुहेतील चित्रे १९०१ साली प्रकाशात आली. बहुरंगी चित्रे असलेल्या ज्या थोड्या मूळ गुहांत आजही सामान्य प्रवाशाला प्रवेश मिळतो, त्यांत तिची गणना होते. दिवसाकाठी मोजक्याच लोकांना, लहान तुकड्यांनी आत नेतात. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्याने प्रवेशाची व्यवस्था आधीच करून ठेवावी. चित्रे लास्कोइतकी ठसठशीत नाहीत. प्रारंभी तर भिंतीवर काहीच दिसत नाही. वाटाड्या मंद दिवा तिरपा धरतो आणि गव्याची पाठ हळूहळू खडकातून वर येते. पुढे दोन रेनडिअर समोरासमोर आहेत. मादी गुडघ्यांवर झुकली आहे आणि नर तिचे कपाळ चाटतो आहे.

रुफिन्याकची गुहा याहून अगदी निराळी. तिच्यातील बोगदे कित्येक किलोमीटर लांब असून प्रवाशांना विजेवर चालणाऱ्या लहानशा गाडीतून आत नेले जाते. येथे मॅमथ या केसाळ हत्तींचे राज्य आहे; त्यांची दीडशेहून अधिक चित्रे मोजली गेली आहेत. ही गुहा कधीच बुजलेली नव्हती. त्यामुळे गेल्या काही शतकांतील हौशी मंडळींनी मेणबत्तीच्या काजळीने छतावर आपली नावे लिहिली आहेत, काही तर थेट मॅमथच्या अंगावर. चित्रांची अस्सलता अभ्यासकांनी १९५६ साली जाहीर केली, तेव्हा या नावांमुळेच काहींना शंका आली होती. पुढे पाहणीत असे दिसले की, नावे वर आहेत आणि मॅमथ त्यांच्या खाली.

गुहांनी मन भरले की दोर्दोन्य नदीच्या काठाने बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले पाहावेत. शतवार्षिक युद्धात ते बराच काळ परस्परविरोधी पक्षांकडे होते आणि नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांवर नजर ठेवून होते. पेरिग्ये शहराहून लेझेझीपर्यंत रेल्वेने येता येते. मात्र तेथून मोंतिन्याकच्या बाजूला जाण्यास मोटार किंवा सायकल हवी. वाट वेझेरच्या काठाकाठाने जाते आणि जागोजागी थांबावेसे वाटते, म्हणून हातात दिवस राखून निघावे. मे-जून आणि सप्टेंबर हे महिने त्यासाठी उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये साऱ्या फ्रान्सची सुट्टी असते आणि हिवाळ्यात पुष्कळ ठिकाणे बंद असतात.