ॲनालॉग–डिजिटल रूपांतरणातील कालअचूकतेचा प्रश्न

प्रस्तावना

तापमान, दाब, ध्वनी यांसारख्या राशी अखंडपणे बदलत असतात. संगणकाला मात्र केवळ अंक समजतात. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे ॲनालॉग–डिजिटल रूपांतरक, म्हणजेच एडीसी. ध्वनिसंकेताचे अंकांत रूपांतर करण्याच्या पद्धतीचे पेटंट ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३८ मध्ये फ्रान्समध्ये घेतले. पुढे १९४९ मध्ये क्लॉड शॅनन यांनी नमुनाग्रहणाचा सिद्धान्त मांडला. सर्वाधिक वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतल्यास मूळ संकेत पुन्हा उभा करता येतो, हे त्याचे सार सर्वपरिचित आहे. परंतु पाठ्यपुस्तकांत ज्या स्वरूपात हा सिद्धान्त शिकविला जातो, त्यात नमुने अगदी समान कालांतराने घेतले जातात असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष परिपथात हे गृहीत कधीच पूर्णांशाने खरे नसते. प्रयोगशाळेसाठी एडीसी कार्ड निवडताना किती बिट आणि किती वेग, हे आवर्जून विचारले जाते. नमुना नेमक्या कोणत्या क्षणी घेतला जातो, हे क्वचितच विचारले जाते.

वेळेतील चूक व्होल्टतेत कशी उतरते

एडीसीला नमुना घेण्याची आज्ञा क्लॉकच्या स्पंदाकडून मिळते. हा स्पंद ठरलेल्या क्षणाच्या किंचित आधी वा नंतर येतो. या अनियमित डळमळीस जिटर म्हणतात. संकेत स्थिर असेल तर जिटरने काहीच बिघडत नाही, कारण क्षणभर आधी व नंतर व्होल्टता तीच असते. संकेत वेगाने चढत वा उतरत असेल, तर मात्र तेवढ्या वेळात तो पुढे सरकलेला असतो. म्हणजे व्होल्टतेतील चूक ही संकेताच्या बदलाचा दर आणि वेळेतील चूक यांचा गुणाकार होय. ज्या-तरंगासाठी यावरून पुढील सूत्र मिळते :

संकेत–गोंगाट गुणोत्तर (डेसिबेल) = −२० लॉग (२ × पाय × वारंवारता × जिटर)

या सूत्रात बिटसंख्या कोठेच येत नाही, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. १२ बिटांच्या आदर्श एडीसीचे गुणोत्तर सुमारे ७४ डेसिबेल असते. हा एडीसी सूक्ष्मनियंत्रकातील प्रोग्रॅमच्या आज्ञेवर चालविला आणि प्रोग्रॅममधील इतर कामांमुळे ती आज्ञा सरासरी १ मायक्रोसेकंदाने मागेपुढे झाली, असे समजू. १ किलोहर्ट्झच्या पूर्ण पल्ल्याच्या संकेतासाठी गुणोत्तर ४४ डेसिबेलवर येते. बारांपैकी जेमतेम सात बिट अर्थपूर्ण उरतात. बाकीचे पाच बिट पडद्यावर दिसतात खरे, पण ते गोंगाटच मोजत असतात. हाच संच ५० हर्ट्झच्या संकेतावर तपासला तर अकरांहून अधिक बिट मिळतात. बॅटरीच्या स्थिर व्होल्टतेवर तर तो निर्दोषच ठरतो. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही, आणि विद्यार्थी संवेदकाला दोष देत राहतात.

वारंवारता वाढते तशी कसोटी कठोर होते. २० किलोहर्ट्झच्या ध्वनीसाठी १६ बिट टिकवायचे तर जिटर सुमारे १०० पिकोसेकंदांच्या आत हवा. (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग.) १०० मेगाहर्ट्झला १४ बिट हवे असतील, तर ही मर्यादा ०.०८ पिकोसेकंदावर येते. रॉबर्ट वॉल्डन यांनी १९९९ मध्ये उपलब्ध एडीसींचा आढावा घेतला. सेकंदाला सुमारे २० लाख ते ४०० कोटी नमुन्यांच्या टप्प्यात, वेग दुप्पट झाला की विभेदनक्षमता साधारण एका बिटाने घटते, असे त्यांना आढळले. याचे कारण त्यांनी नमुनाक्षणाच्या अनिश्चिततेत पाहिले.

सुधारणेचे मार्ग

पहिला उपाय खर्चाचा नाही. नमुन्याची आज्ञा प्रोग्रॅमकडून न देता नियंत्रकातीलच हार्डवेअर टायमरकडून द्यावी, आणि मिळालेले अंक डीएमएद्वारे थेट स्मृतीत साठवावेत. मग प्रोग्रॅमला उशीर झाला तरी नमुन्याचा क्षण ढळत नाही. टायमर मात्र अंतर्गत आरसी दोलकाऐवजी क्वार्ट्झ स्फटिकावर चालवावा. उच्च वारंवारतेच्या कार्यात क्लॉकच्या कडा तीव्र असाव्यात, कारण कड जितकी संथ तितका गोंगाट तिला अधिक हलवितो. क्लॉकला स्वतंत्र, स्वच्छ वीजपुरवठा द्यावा. उत्तम दोलक घेऊन त्याचा स्पंद एफपीजीएमधून फिरवून एडीसीकडे नेणे, ही नित्याची चूक होय. त्या प्रवासातच जिटर वाढतो.

अनेक एडीसी आळीपाळीने चालवून वेग वाढविण्याची कल्पना ब्लॅक व हॉजेस यांनी १९८० मध्ये मांडली. येथे प्रश्न निराळा असतो : प्रत्येक एडीसीचा क्षण ठरावीक प्रमाणात चुकतो. ही चूक स्थिर असल्याने ज्ञात संकेत देऊन ती मोजता येते आणि गणिताने दुरुस्तही करता येते. जिटर यादृच्छिक असल्याने त्याला अशी दुरुस्ती लागू पडत नाही. पुनरावर्ती संकेतात सरासरी घेऊन त्याचा परिणाम कमी करता येतो, इतकेच.

हा भेद नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीत स्पष्ट दिसतो. तिच्या ३० अँटेनांचे संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत आणले जातात आणि तेथे त्यांचे अंकीकरण होते. तंतूंच्या लांबीमुळे पडणारा विलंब वेगवेगळा असला तरी तो मोजून वजा करता येतो. अँटेनांचे परस्परसंबंध तपासायचे तर सर्व एडीसींचे क्लॉक मात्र एकाच संदर्भाशी जखडलेले असावे लागतात.

इलेक्ट्रॉनिक क्लॉकची मर्यादा ओलांडण्यासाठी लेसरच्या स्पंदांचाही उपयोग झाला आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४१ गिगाहर्ट्झच्या संकेताचे सात प्रभावी बिटांत अंकीकरण करण्यात आले. त्यातील जिटर १५ फेम्टोसेकंद, म्हणजे ०.०१५ पिकोसेकंद इतका होता. महाविद्यालयीन प्रयोगशाळेला एवढ्या सूक्ष्मतेची गरज नाही. १ किलोहर्ट्झला १२ बिट मिळविण्यासाठी ३२ नॅनोसेकंदांचा जिटर चालतो, आणि साधा स्फटिक व टायमर एवढे सहज देऊ शकतात. तपासणी मात्र बॅटरीवर न करता, प्रयोगात जी सर्वाधिक वारंवारता येणार आहे तिच्याच शुद्ध ज्या-तरंगावर करावयास हवी.