पाण्याला सातबारा नाही

ज्याची जमीन त्याची विहीर आणि ज्याची विहीर त्याचे पाणी, हा समज आपणां कास्तकारांत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. महसुलाच्या कारकुनीत माझी उमेदीची वर्षे गेल्यामुळे हा समज कागदोपत्रीही किती पक्का आहे, हे मी जाणतो. सातबाऱ्यावर क्षेत्राची नोंद आहे, पिकाची आहे, विहिरीचीही आहे. परंतु त्या विहिरीतील पाणी कोणाकोणाच्या रानातून झिरपत आले, यास रकाना नाही. एकदा एक वृद्ध गृहस्थ अर्ज घेऊन आले. शेजाऱ्याने खोल विंधनविहीर घेतल्यापासून आपली विहीर आटली, अशी त्यांची तक्रार होती. बांधाची तक्रार असती तर मोजणी मागविता आली असती. पाण्याची हद्द कोणत्या साखळीने मोजावी? "वरिष्ठांकडे सादर" असा शेरा लिहून मी मोकळा झालो. विहीर मात्र कोरडीच राहिली. हा प्रश्न कचेरीत सुटत नाही, गावातच सुटतो, हे मला पुढे आपल्या जिल्ह्यातील कडवंचीकडे पाहून उमगले.

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पूर्वी इतर गावांसारखेच उघड्या माळांचे व उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरींचे होते. १९९६ ते २००२ या काळात तेथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम झाला. जर्मन सरकारचे साह्य व नाबार्डची देखरेख होती, आणि प्रत्यक्ष काम मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली केले. सुमारे १८०० हेक्टरांवर माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम चालले. वर समतल चर, मध्ये बांधबंदिस्ती, खाली नालाबांध.

परंतु चर आणि बांध तर सरकारी खात्यांनी पुष्कळ गावी घातले व ते फुटूनही गेले. या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य त्याच्या रीतीत होते. अकुशल मजुरीच्या शेकडा १६ इतका हिस्सा गावाने श्रमदानाने द्यावयाचा. झाडतोड व मोकाट चराई बंद ठेवावयाची. आणि आराखडा कचेरीत बसून न करता खातेदारास त्याच्याच शेतात उभे करून, त्याच्या संमतीने, गटागटाने करावयाचा. ज्या बांधाची जागा आपण स्वतः दाखविली, तो बांध फुटल्यास मनुष्य दुसऱ्याची वाट पाहत बसत नाही, स्वतःच फावडे उचलतो.

येथे एक गोष्ट जमीनधारक वाचकांनी ध्यानी घ्यावी. माथ्यावर अडविलेल्या पाण्याचा लाभ पायथ्याच्या विहिरींस आधी होतो; चराईबंदीचा भार मात्र गायरानावर दोन शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनावर आधी पडतो. म्हणून त्यास ग्रामसभेत मागे बसवून ठराव करू नये. चराई बंद केलेल्या माळावरील गवत कापून नेण्याचा हक्क त्यास द्यावा व कामावरील मजुरीत पहिला वाटा त्याचा ठेवावा. अन्यथा कुंपणाआड शेळ्या रात्री शिरतात, आणि दोष शेळ्यांचा नसतो.

२०१२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि कित्येकांनी त्या स्वतःच्या हातांनी तोडल्या. त्या वर्षीही कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. पाणलोटाच्या कामाबरोबर तेथील शेकडो शेततळी व ठिबक सिंचन हेही त्याचे कारण होते. मात्र याच शेततळ्यांविषयी आता विचार करण्याची वेळ आली आहे.

ओढ्याने वाहून जाणारे पाणी धरावे, हा शेततळ्याचा मूळ हेतू. आज पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकचे कापड अंथरून विहिरीचे किंवा विंधनविहिरीचे पाणी पंपाने तळ्यात भरतात. हिशेब करून पाहू. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्यात, बाजूंचा उतार धरता, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. अशी ५०० तळी भरावयास ११० कोटी लिटर पाणी लागेल. १८०० हेक्टरांवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १ कोटी ८० लाख लिटर. तेव्हा ही तळी म्हणजे सुमारे ६१ मिलिमीटर पाऊस होय. आपल्या काळ्या खडकात पावसाचा साधारण दहावा हिस्सा मुरतो असे धरले, तर ६५० मिलिमीटरांच्या वर्षी ६५ मिलिमीटरच मुरतील. म्हणजे सर्व तळी उपशावर भरली, तर साऱ्या गावाने मुरविलेले पाणी तळेवाल्यांच्याच कापडावर येऊन बसेल, आणि त्यातील मोठा भाग उन्हावाऱ्याने उडून जाईल. श्रमदान सर्वांचे व पाणी काहींचे, अशी स्थिती झाल्यास पुढच्या वेळी श्रमदानास कोण येईल?

यास उपाय नाही असे नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी विंधनविहिरींवर स्वतःहून बंदी घातली, आणि तेथे दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून, मगच पिके ठरवितात. आपणही दसऱ्यानंतर गावातील दहा-बारा विहिरींची पातळी दोरीने मोजून ती चावडीवर लिहावी. शेततळे ओढ्याच्या वाहत्या पाण्यानेच भरावे असा ठराव करावा. आणि पाणी थोडे असेल त्या वर्षी नवी बाग लावू नये. ठरावावर पहिली सही सर्वांत मोठ्या खातेदाराची असावी, कारण त्याने पाळलेला नियम लहान खातेदार आपोआप पाळतो.

त्या वृद्ध गृहस्थांच्या अर्जास माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते देण्याचा अधिकार त्यांच्या गावाजवळ होता; मात्र गावाने तो वापरला नाही.